‘एक वर्ष झालं, आता तुमचं तुम्ही बघा’ म्हणणाऱ्या आमच्या बिल्डरसाहेबांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या बिल्डिंगचे बिल्डरसाहेब, त्यांचे पार्टनर, आणि ऑफिसात फोन उचलणारे व न उचलणारे सगळे,
कोल्हापूर.

साहेब, रामराम.

परवा तुमच्या ऑफिसातनं बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. "ताबा देऊन एक वर्ष पूर्ण झाल्याने यापुढे फ्लॅटच्या आतील कोणत्याही तक्रारी स्वीकारल्या जाणार नाहीत, फ्लॅटधारकांनी आपापल्या पातळीवर दुरुस्ती करून घ्यावी, धन्यवाद." खाली हात जोडलेले दोन इमोजी. दोघातिघांनी सवयीनं अंगठा दाखवला, बाकी सगळे गप्प. ग्रुपवरच उत्तर दिलं असतं पण तो तुम्ही फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा करून ठेवलाय, ॲडमिन तुमच्याच ऑफिसातला, त्यामुळं असं चारचौघांत लिहायला लागतंय.

तुमचं नाव घालत नाही, बिल्डिंगचंही नाही. वाचल्यावर तुम्हाला बरोबर कळणार, आणि शहरात गेल्या चार-पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यातल्या बऱ्याच जणांना हे त्यांच्याच बिल्डरला लिहिलंय असं वाटणार, वाटू दे.

मी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग मशिनिंग करून द्यायचं काम. याआधी शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला भाड्यानं राहायचो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा जमेल तेवढं सामान माळ्यावर टाकून आईला घेऊन पाहुण्यांकडं गेलो, 2021 च्या जुलैत परत तेच. दुसऱ्या वेळी घरात पाय टाकल्यावर भिंतीवरची चिखलाची रेघ बघून मिसेस म्हणाल्या, बास आता, उंचावर घर घ्यायचं, कर्ज झालं तर होऊ दे. म्हणून तुमच्याकडं आलो. जाहिरातीत तुम्ही सगळ्यात वर ‘पूरमुक्त परिसर’ लिहिलं होतं आणि ते खरं आहे, नदी काय आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येत नाही. पाणी येतंय, पण ते सगळं तुमच्या कामातनं येतंय.

आता एकेक सांगतो. तुमच्या सुपरवायझरला हे सगळं तोंडपाठ आहे पण तुमच्यापर्यंत किती पोचलंय काय माहीत.

सुरुवात बाथरूमपासनं. वास्तुशांतीच्या दिवशी गडहिंग्लजचे पाहुणे आले, प्रवासातनं आलेली माणसं, एकेक जण आत जाऊन हातपाय धुऊन आला. हॉलमध्ये होम चालू, भटजी मंत्र म्हणतायत, आणि पॅसेजमधनं पाण्याची एक बारीक धार निघाली ती सतरंजीच्या खालून सरळ होमाच्या विटांकडं. माझी आत्या म्हणाली, शुभ असतंय रे, घरात गंगा आली. सगळे हसले, मी पण हसलो, मग बनियनवर पोतं घेऊन पॅसेज पुसत बसलो आणि आहेराची पाकिटं मिसेसनी एकटीनं घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधली स्पिरिट लेव्हल आणून बाथरूमच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा जाळीच्या बाजूला पळाला. म्हणजे जाळी उंचावर आणि दरवाजा खोलात. मोजलं तर अडीच फुटात दोन सूत, म्हणजे पाव इंच, उलटा ढाळ. बाथरूमची फरशी म्हणजे काय लेथवरचा जॉब नव्हे, तिथं मी थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मोजत बसत नाही, पण पाणी जाळीकडं गेलं पाहिजे एवढं एकच काम त्या फरशीला आहे आणि तेवढंच ती करत नाही. तुमचा सुपरवायझर आला, बघितलं, हं हं केलं, फोटो काढला, आणि दोन दिवसांनी वॉचमनच्या हातनं एक नवाकोरा वायपर पाठवून दिला. निळ्या दांड्याचा. तो वायपर अजून आहे, फरशी पण तशीच आहे.

माझ्याकडं पार्टीचा माणूस येतो तेव्हा खिशात गेज घेऊन येतो. जॉबच्या भोकात ‘नो-गो’, म्हणजे गेजचं आत जायला नको असलेलं टोक, आत गेलं की विषय संपला, आख्खा लॉट परत, पैसे माझे, माल माझा, परत करून द्यायचा. ‘ॲडजस्ट करून बसवा’ असं मी त्याला म्हणालो तर तो दुसऱ्या दिवसापासनं काम शेजारच्या शेडला देईल. फ्लॅटच्या धंद्यात तसं का नाही, एवढंच विचारतोय.

किचनचं सिंक. वास्तुशांतीचं गोड जेवण झालं, पुढच्या रविवारी भाऊबंद आले म्हणून मटणाचा बेत केला, तांबडा-पांढरा सगळं साग्रसंगीत. जेवणं झाली, मिसेस आणि वहिनी भांडी घासायला लागल्या आणि पंधरा मिनिटात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या ताई हातात चादर घेऊन उभ्या. पांढरी चादर, तिच्यावर वरपासनं खालपर्यंत तांबडा तेलकट ओघळ. बाई रागावलेल्या नव्हत्या, उलट विचारलं, "तुमच्यात रस्सा केलाय काय आज?" मला काही कळेना. बाल्कनीतनं वाकून बघितलं तर सिंकचा पाईप भिंतीतनं बाहेर काढलाय आणि बाहेरच्या उभ्या पाईपला जोडायचाच राहिलाय. दोन्हीमध्ये चार बोटांची फट. म्हणजे राहायला आल्यापासनं आम्ही धुतलेल्या प्रत्येक भांड्याचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, फक्त साधी आमटी दिसून येत नव्हती एवढंच. तुमच्या प्लंबरनं येऊन एक तुकडा अडकवला आणि एम-सील थापून गेला. पावसाळ्याच्या आधीच ते सुटलं. ताईंनी आता त्या बाजूला दोरीच बांधायची सोडून दिली आहे, त्यांची बाल्कनी, त्यांनी पैसे मोजलेत, आणि कपडे बेडरूममध्ये वाळत घालतात.

सोलरचं सांगायला लाज वाटते. गच्चीवरच्या सोलरची गरम लाईन आमच्या फ्लशच्या टाकीला जोडली होती. थंडीत सकाळी बाथरूमच्या नळाला बर्फासारखं पाणी आणि कमोडमधनं वाफ. आई म्हणाली, शेजाऱ्यांत बोलू नका, हसतील. तक्रार केल्यावर प्लंबर आला, गच्चीवर जाऊन काहीतरी फिरवाफिरव केली, आता फ्लश थंड झालाय पण आमच्या वाटणीचं गरम पाणी पाचव्या मजल्यावर जातंय, ते म्हणतात आमच्याकडं मस्त येतंय, बदलू नका. कुठली लाईन कुठं जाते याचं ड्रॉइंग मागितलं तर प्लंबर स्वतःच्या डोक्याला बोट लावून दाखवतो, इथं आहे म्हणतो.

आणि मग पाऊस. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे. आमच्या पश्चिमेच्या बेडरूमला असली काही पातळी नाही, पन्हाळ्याकडं ढग दिसला की आत पाणी. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या ऑफिसात त्या एकच समजतात म्हणून जरा फोडून लिहितो. एक, स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं बारीक भोकं असतात, ट्रॅकमध्ये साठलेलं पावसाचं पाणी त्यातनं बाहेर जायला. तुमच्या माणसांनी सिलिकॉन मारताना ती भोकं पण बुजवून टाकलीत, छान गुळगुळीत. त्यामुळं ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूनं गादीवर. मी एका खिडकीची भोकं ड्रिलनं मोकळी केली, त्या खिडकीतनं परत एक थेंब आत आला नाही. ते बघायला आलेला तुमचा माणूस काय म्हणाला सांगू? "काका, तुम्ही ड्रिल मारलं ना, आता खिडकीची वॉरंटी गेली." बाकीच्या खिडक्यांची वॉरंटी शाबूत आहे, त्या गळतात.

दोन, भिंत. बीमच्या बरोबर खालून या टोकापासनं त्या टोकापर्यंत आडवी भेग आहे, सरळ रेघ, पट्टी धरून मारल्यासारखी. काँक्रीटचा बीम आणि खालचे ब्लॉक यांचं आकुंचन-प्रसरण सारखं नसतं, म्हणून त्या जोडावर चिकनमेशची जाळी मारून वरनं प्लास्टर करायचं असतं, हे मला उद्यमनगरातल्या शेडचं बांधकाम करणाऱ्या गवंड्यानं सांगितलं, तो काय इंजिनिअर नाही. आमच्यात जाळी आहे की नाही हे भेगच सांगतेय. गेल्या जुलैत त्या भिंतीला हात लावला तर पीठ सुटायचं, पोपडे पडायचे, मुलीची बारावीची पुस्तकं तिथल्या कपाटात होती ती बुरशी येऊन वाया गेली. दिवाळीच्या आधी तुमचा पेंटर येऊन आतनं पुट्टी मारून रंग देऊन गेला. बाहेरनं भेग तशीच. पाणी बाहेरनं येतंय, तुम्ही आतनं पावडर लावताय.

आता तुमच्या त्या एक वर्षाकडं येतो.

एक वर्ष कुठनं काढलं साहेब? मी करारनामा परत काढून वाचला, रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पण वाचला, फार अवघड नाही तो. 2016 चा कायदा, महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण, महारेरा, 1 मे 2017 पासनं सुरू झालं. त्यातलं कलम 14, पोटकलम 3. ताबा दिल्यापासनं पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष, कामाच्या दर्जातला दोष किंवा सोयीसुविधांमधला दोष ग्राहकानं लक्षात आणून दिला तर बिल्डरनं तो 30 दिवसांत, एक रुपया जास्त न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर नुकसानभरपाई. पाच वर्षं. तिथं ‘फ्लॅटच्या आतील’ आणि ‘फ्लॅटच्या बाहेरील’ असा भेद कुठं मला दिसला नाही. तुमच्या प्रोजेक्टच्या बोर्डावर रेरा नंबर आहे, जाहिरातीवर क्यूआर कोड पण होता, तो 2023 च्या ऑगस्टपासनं सक्तीचाच आहे. मग ज्या कायद्याचा नंबर दाखवून फ्लॅट विकला त्याच कायद्यातली पाच वर्षं व्हॉट्सॲपच्या मेसेजनं एक वर्षावर कशी येतात?

आणि समजा कायदा नसता तरी, उलट्या ढाळाची फरशी एक वर्षानं खराब झालेली नाही. ती पहिल्या दिवसापासनं उलटी आहे. एक वर्षात ती दुरुस्त झाली नाही हा मुदत संपल्याचा पुरावा होत नाही, तुम्ही आला नाही याचा होतो.

पाण्याचं झालं, आता विजेचं, आणि हे मी सगळ्यात गंभीर धरतो, बाकीचं एक वेळ राहू दे. फ्रिजच्या दरवाज्याला हात लावला की मिसेसना झिणझिण्या यायच्या. मी टेस्ट लॅम्प घेऊन प्रत्येक बोर्ड तपासला. फेज आणि न्यूट्रलला लावला की बल्ब लागतो, फेज आणि अर्थिंगला, म्हणजे गळालेला करंट माणसाऐवजी जमिनीत नेणाऱ्या वायरला, लावला की ढिम्म. किचनचा बोर्ड खोलला तर हिरवी वायर आत गोल गुंडाळून ठेवलेली, स्क्रूला लावलेलीच नाही. बाहेरनं तीन पिनचा सॉकेट दिसतो, आत तिसरी पिन नुसती शोभेची. किचनपुरतं मी स्वतः जोडून घेतलं, गीझरच्या पॉइंटला अजून हात लावलेला नाही कारण तिथली वायर खालपर्यंत जाते की मध्येच कुठं संपते हे मला माहीत नाही, तोवर गीझर बंद, गॅसवर पाणी तापवतोय. बाकीच्या फ्लॅटमध्ये काय परिस्थिती आहे देव जाणे, लहान पोरं आहेत बिल्डिंगमध्ये. वाचणाऱ्यांनाही सांगतो, ताबा घेतलाय त्यांनी आधी एखाद्या वायरमनला बोलावून अर्थिंग तेवढं बघून घ्या, रंग आणि फर्निचर नंतर.

त्यातच मीटर. आमचं लाईट बिल एवढं का येतंय कळत नव्हतं, घरात एसी नाही, वर्कशॉपमध्ये राबून येऊन आम्ही पंख्याखाली झोपतो. एकदा गंमत म्हणून खाली जाऊन आमच्या नावाच्या मीटरचा मेन बंद केला आणि शेजारच्या फ्लॅटमधनं ओरडा आला, मॅच चालू होती. दोन्ही फ्लॅटच्या वायरी मीटरबॉक्सात एकमेकांच्या मीटरला. म्हणजे एसी त्यांचा, बिल आमचं. शेजारी सरळ माणूस, आम्ही दोघांनी जुनी बिलं काढली, चहा पीत हिशेब मिटवला. पण वायरी अजून तशाच आहेत, तुमचा इलेक्ट्रिशियन ‘येतो’ म्हणून गेलाय. सध्या ते आमचं बिल भरतात आणि आम्ही त्यांचं.

लिफ्ट. आईचे गुडघे गेलेत म्हणून चौथ्या मजल्यावर घेताना लिफ्टबद्दल मी तीनतीनदा विचारलं होतं, तुम्ही म्हणाला होता ‘एकदम ब्रँडेड’. ब्रँडेड असेल. पण आई एकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आतली अलार्मची बेल दाबली तर ती वाजतच नव्हती, आतला पंखा बंद, शेवटी तिनं देवळात जायच्या पितळी तांब्यानं दरवाजा बडवला तेव्हा लोक धावले. वॉचमनकडं लिफ्टची किल्ली पण नव्हती. राज्यात लिफ्टसाठी 2017 चा वेगळा कायदा आहे, लायसन्स लागतं, तपासणी लागते. आमच्या लिफ्टचं लायसन्स कुठाय, देखभालीचा करार कुणाबरोबर आहे आणि त्याचे पैसे भरलेत का, हे विचारल्यावर ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळतं. आई आता महालक्ष्मीला जायची म्हटली की सकाळी एकदाच उतरते आणि दुपारपर्यंत खालच्या ताईंकडंच बसते, परत चढायचं एकदाच.

बारीकसारीक तर किती. आमच्या बेलचं बटण दाबलं की पाहुणे आमच्या दारात आणि दार शेजारी उघडतात. सेफ्टी डोअर उघडलं की समोरच्यांच्या सेफ्टी डोअरवर आपटतं, म्हणून दोन घरांनी एकाच वेळी बाहेर पडायचं नाही असा अलिखित नियम आहे. पार्किंगच्या रेघा अशा मारल्यात की गाडी आत जाते, पण खांब आडवा येत असल्यामुळं ड्रायव्हरनं उतरायचं मागच्या दारानं. पाहुण्यांसाठी म्हणून नकाशात दाखवलेली उघडी जागा दोघांना विकली असं कानावर आलंय, खरं असेल तर ती तुमची विकायची नव्हती, उघडं पार्किंग विकता येत नाही हे महारेरानं 2021 च्या परिपत्रकातच स्पष्ट केलंय. फ्लॅट मिसेसच्या नावावर आहे, बाईच्या नावावर घर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट म्हणून तुमच्याच माणसानं तसं सुचवलं होतं, आता मी तक्रार घेऊन गेलो की काउंटरवरची पोरगी म्हणते ‘ओनर मॅडमना पाठवा’ आणि मिसेस गेल्या की म्हणते ‘टेक्निकल आहे, सरांना पाठवा’.

जे चांगलं आहे ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसती रड लावली. कार्पेट एरिया मी स्वतः टेप धरून मोजला, तो करारात लिहिल्याप्रमाणं पूर्ण भरला. हॉलच्या फरशा सरळ आहेत, जोड एकसारखे. हवा इतकी सुंदर आहे की उन्हाळ्यात दुपारी पंखा लागत नाही. म्हणजे तुमच्याकडं चांगलं काम करणारी माणसं आहेत. ती माणसं फक्त हॉलपुरतीच का आली हे मला कळत नाही.

उरला पैशाचा आणि कागदाचा विषय. ताबा देताना तुम्ही प्रत्येकाकडनं दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतलात. त्यातनं काय खर्च झालं याचा एक कागद आजवर कुणाला मिळालेला नाही. टँकरचे पैसे मात्र दर महिन्याला वेगळे मागता. बोअरचं पाणी एवढं जड आहे की नवीन नळ महिन्याभरात पांढरे झाले, ते प्यायचं नाही म्हणून टँकर. काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी, ज्याच्यावर कोल्हापुरात दोन पिढ्यांनी निवडणुका बघितल्या, ते पन्नासहून जास्त किलोमीटर येऊन 2023 च्या नोव्हेंबरात शहरात पोचलं. आमच्या रस्त्याखाली नळाची लाईन आहे. तिथनं आमच्या टाकीपर्यंतचे शेवटचे शंभरेक फूट राहिलेत, कारण कनेक्शनच्या अर्जाला भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे बिल्डिंग राहायला योग्य असल्याच्या सरकारी दाखल्याची, प्रत लागते आणि ती तुमच्या कपाटात आहे म्हणता. ती प्रत ग्राहकांना उपलब्ध करून देणं रेराच्या कलम 11 मध्ये तुमचंच काम म्हणून लिहिलंय. प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर झेरॉक्स द्यायला काय अडचण आहे? आणि मिळालेलं नसेल तर तसं सरळ सांगा, आम्हाला कळायला पाहिजे आम्ही कशात राहतोय.

सोसायटीचं पण तेच. निम्म्याहून जास्त, म्हणजे 51 टक्के फ्लॅट बुक झाले की तीन महिन्यांत सोसायटी नोंदणीचा अर्ज करायचा असा महाराष्ट्राचा नियम आहे. आमच्यात एक-दोन सोडले तर सगळे फ्लॅट गेलेत. तुम्ही म्हणता, सोसायटी झाली की तुमच्यातच भांडणं लागतील. लागू देत की, आमची आम्ही भांडू, कोल्हापूरकरांना त्याची सवय आहे. निदान भांडायला हिशेबाची वही तरी हातात येईल.

मागण्या सरळ आहेत.

तो एक वर्षाचा मेसेज ग्रुपवर मागे घ्या, आणि ग्रुप सगळ्यांना लिहिता येईल असा करा.

सगळ्या फ्लॅटचं अर्थिंग आणि मीटरच्या वायरी लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडनं तपासून घ्या, त्याचा सहीचा रिपोर्ट द्या. हे या आठवड्यात व्हायला पाहिजे, याला 30 दिवस पण नकोत. लिफ्टची बेल आणि लायसन्सची प्रत यातच धरा.

बाकी दोषांसाठी फ्लॅटवार यादी करा, तुमच्या इंजिनिअरनं घरोघर यायचं, लिहून घ्यायचं, खाली दोघांच्या सह्या, आणि प्रत्येक कामापुढं तारीख. पश्चिमेच्या भिंतीचं काम बाहेरनं झोपाळा, म्हणजे दोरानं टांगलेली फळी, लावून व्हायला पाहिजे आणि मे संपायच्या आत, एकदा वळवाला सुरुवात झाली की कुणी झोपाळ्यावर चढणार नाही हे तुम्हाला पण माहीत आहे. आतनं पुट्टी घेऊन कुणी येणार असेल तर मी दार उघडणार नाही.

भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, प्लंबिंग आणि वायरिंगची ड्रॉइंग, आणि मेंटेनन्सचा बिलांसकट हिशेब. सोसायटीचा अर्ज कधी टाकताय त्याची तारीख.

मला नुकसानभरपाई नको, डिस्काउंट नको. मुलीची पुस्तकं मी परत घेतली, ते पण मागत नाही. खालच्या ताईंची चादर मात्र एक घेऊन द्या, ती मागणी त्यांची नाही, माझी आहे.

हे झालं नाही तर काय, तर जे सगळे करतात तेच. महारेराकडं ऑनलाईन तक्रार, फी 5,000 रुपये, आम्ही वर्गणी काढलीच आहे. तिथं सलोख्यानं मिटवायचा मंच पण आहे, आधी तिथंच जाऊ. जिल्हा ग्राहक आयोग इथंच आहे. वकील मंडळींनी कितीतरी वर्षं आंदोलन करून 2025 च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच पण कोल्हापुरात आणलं, पण बाथरूमच्या ढाळासाठी तिथवर जायची माझी हौस नाही, आणि तुमचीही नसणार. याला धमकी समजू नका. आपण एकाच गावात राहतो, रंकाळ्यावर फिरताना समोरासमोर येतो, परवासुद्धा तुम्ही हात केला होता आणि मी पण केला.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही सगळे पार्किंगमध्ये बसतोय, खुर्च्या काढून ठेवतो. तुम्ही स्वतः या, सुपरवायझरला एकट्याला पाठवू नका, त्याला काही ठरवता येत नाही आणि उगीच बोलणी खातो बिचारा. प्लंबरला आणि इलेक्ट्रिशियनला बरोबर आणा. स्पिरिट लेव्हल आणि टेस्ट लॅम्प माझ्याकडं आहेत. येताना लिफ्टनं वर येऊ नका, जिन्यानं या.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा फ्लॅटधारक
(मालकीण मिसेस, त्यांनी वाचून परवानगी दिली आहे)